अस्तराला धरून

जोनेल प्रुइट धड चालायलाही लागली नव्हती, तेव्हाच ती पुढे ईटा होणार हे ठरलं होतं. ठरवणारी होती तिची टीनमावशी.

मावशीचं पूर्ण नाव अर्नेस्टीन, पण हॉलिस गावात ते फक्त पोस्टमन वापरायचा. तरुणपणी टॅलबर्ट कॉलेजात शिकताना ती ईटा ह्या ग्रीक अक्षराचं नाव लावणाऱ्या मुलींच्या भगिनीमंडळात गेली, ती पुन्हा काही बाहेर आली नाही. मुळात कुणीच येत नाही. मंडळात एकदा पाऊल टाकलं की नोकरी, लग्न, म्हातारपण सगळं त्यातच, आणि शेवटी शवपेटीशी पांढऱ्या कपड्यांत उभ्या राहतात त्याही मंडळाच्याच बहिणी. आणि एका जन्माला एकच मंडळ. नवरा बदलता येतो, चर्च बदलता येतं, हे बदलता येत नाही.

ईटांचे रंग केशरी आणि तपकिरी. मावशीची छत्री केशरी, चष्म्याची दोरी केशरी, ओव्हनमधून गरम भांडं काढायचे हातमोजेही केशरी. जोनेलची आई कामासाठी डेट्रॉइटला गेली आणि तिकडचीच झाली, तेव्हा हे लेकरू मावशीच्या पदरात आलं. इतर मुलांना निजताना सशा-कोल्ह्यांच्या गोष्टी ऐकायला मिळत, जोनेलला ईटांच्या संस्थापक बायकांच्या मिळत. त्यांची साद तिला बोलण्याआधी येत होती. कीऽऽ-रीऽऽ, टिटवीसारखी वर चढत जाणारी. गर्दीत कुठेही एका ईटानं ती घातली की ऐकणाऱ्या प्रत्येक ईटाला उत्तर द्यावंच लागतं. बाहेरच्यानं मात्र ती घालायची नाही. ते म्हणजे दुसरीच्या लग्नात जाऊन नवरीच्या खुर्चीत बसण्यासारखं. सभासदांच्या लहानग्यांना तेवढी सूट.

दुसऱ्या वर्षाला असताना जोनेल मंडळात जायची, तर त्याच वर्षी तिला दिवस राहिले. ओपलचा बाप माणूस वाईट नव्हता, पण नौदलात होता आणि मनानंही जहाजावरच असायचा. जोनेलनं कॉलेज सोडलं, मुलगी झाली, आणि ओपल दुडुदुडु धावायला लागल्यावर ती पुन्हा टॅलबर्टला जायला लागली. मावशीनं सुस्कारा टाकला आणि म्हणाली, उशीर झाला म्हणून काय झालं, ह्या वर्षी तुझं नाव पक्कं, मी बोलून ठेवलंय.

जोनेल "हं" म्हणाली. त्या "हं"मध्ये काय होतं ते मावशीला कळलं नाही, आणि कळू नये अशीच जोनेलची इच्छा होती. कारण तिला दुसऱ्याच मंडळात जायचं होतं, तिला लामडा व्हायचं होतं.

त्याचं मूळ डेपो रस्त्यावरच्या लाँड्रीत होतं. आठवा महिना भरत आला होता. यंत्रातून काढलेली मोठी चादर जोनेल एकटी घडी करत होती. पोट मध्ये येई, चादर जमिनीवर लोळे, ती पुन्हा उचले. कोपऱ्यात मोरपंखी जॅकेट घातलेली एक मुलगी कपडे धुवायला आलेल्या बायकांच्या पोरांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होती. लामडांच्या मुली दर शनिवारी ते करत. तिनं पुस्तक पालथं ठेवलं, उठून आली आणि चादरीची दोन टोकं धरली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लावलं, मागे गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी चौकोनी घडी जोनेलच्या हातात देऊन ती मुलगी परत पोरांत जाऊन बसली. कितवा महिना, बाप कुठे, आता शिक्षणाचं काय, यातलं तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या दिवसांत पोटाऐवजी डोळ्यांकडे बघणारी ती पहिलीच.

जोनेलला तिचं नावही कळलं नाही. पण बाळाला पाजताना, परीक्षेच्या अभ्यासात डोळा लागताना, ती चादर तिला आठवत राहिली.

आता टॅलबर्टमधली रीत अशी, की एखाद्या मंडळात जायचं मनात असेल तर ते बोलून दाखवायचं नाही. ज्या मुलीनं गावभर सांगितलं तिचं काम तिथंच आटोपलं. साधे काळे-पांढरे कपडे घालायचे, कुठल्याच मंडळाचा रंग अंगावर येऊ द्यायचा नाही, आणि गुपचूप ओळखसभेला जायचं. जोनेलला ही रीत फार सोयीची वाटली. मावशीला काही न सांगण्याला एक प्रतिष्ठित कारण मिळालं. रविवारी दुपारी वाचनालयात जाते असं सांगून ती पांढऱ्या ब्लाउजात घराबाहेर पडली. मावशीचं ईटांच्या वार्षिक जेवणाला जायचं ठरलं होतं, ओपलला घेऊन. सगळं कसं जुळून आलं होतं.

जुन्या संगीतशाळेत लामडांची सभा भरली. फोन बंद करून टोपलीत. खुर्च्यांच्या रांगांत पांढऱ्या ब्लाउजातल्या मुली, पाठ ताठ, गुडघे जुळलेले, एखादीला खोकला आला तरी ती माफी मागत होती. समोर मोरपंखी पोशाखात लामडांच्या बहिणी, आणि मधोमध त्यांची अध्यक्ष थालिया गॅड्सडेन. थालिया हसल्याचं कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. जोनेलच्या शेजारी तिची वर्गमैत्रीण टॉया बसली होती. टॉयानं येताना बजावलं होतं, पोरीचा विषय काढू नकोस बाई, ह्यांना वेळ देणाऱ्या मुली हव्या असतात, आणि तुझा वेळ तर ओपल खाते.

थालिया मंडळाच्या इतिहासाबद्दल बोलत होती, तेवढ्यात मागचं दार करकरलं.

झालं होतं असं, की जेवणाच्या ऐन मध्यावर ओपलचा कान दुखायला लागला आणि तिनं ममाच्या नावानं भोकाड पसरलं. मावशीनं फोन लावला, तो बंद. वाचनालयात पाहिलं, तिथे नाही. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, पांढऱ्या ब्लाउजातल्या मुली संगीतशाळेकडे जाताना दिसल्या. एवढ्यावरून मावशीला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण कडेवर रडणारं मूल असताना माणूस विचार नंतर करतं.

दारात टीनमावशी उभी होती, डोक्यावरच्या टोपीपासून बुटांपर्यंत केशरी. तिच्या कडेवर केशरी झग्यात, वेण्यांना तपकिरी फिती बांधलेली ओपल. रडून लाल झालेल्या ओपलनं खुर्च्यांवरून नजर फिरवली, आईला शोधलं, आणि तिचा चेहरा उजळला. आनंद झाला की ओपल एकच गोष्ट करायची. मावशीनं शिकवलेली.

"कीऽऽ-रीऽऽ."

लामडांच्या ओळखसभेत, लामडांच्या इतिहासाच्या मधोमध, ईटांची साद. संगीतशाळेचं छत उंच होतं, ती चांगली घुमली.

 टॉया छताकडे बघत होती, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं आहे.

"हे लेकरू कोणाचं?" थालियानं विचारलं.

एक क्षण जोनेलच्या मनात आलं, की आपण मागे वळायचंच नाही. मावशी शहाणी होती. भाचीनं मान वळवली नाही तर ती निमूट निघून गेली असती. तो क्षण जोनेलला पुढे पुष्कळ दिवस टोचत राहिला, कारण तो आला होता एवढं खरं. पण ती उठली.

"माझं आहे. ओपल नाव तिचं. आणि ह्या माझ्या मावशी, मिसेस अर्नेस्टीन डॉझियर."

थालियानं दाराकडे पाहिलं. मग ती उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या लामडा उभ्या राहिल्या. मंडळ कुठलंही असो, पांढऱ्या केसांच्या बहिणीपुढे बसून राहायचं नाही, हेही तिथं शिकवलं जातं.

मावशीची नजर जोनेलच्या पांढऱ्या ब्लाउजावर होती. 

"बसा, मुलींनो," ती म्हणाली. "मी रस्ता चुकले."

तिनं ओपलला खाली सोडलं, दार हलकेच ओढून घेतलं आणि गेली. ओपल दुडुदुडु आईच्या मांडीत येऊन बसली. उरलेली सभा त्या मोरपंखी खोलीत हा केशरी गोळा अंगठा चोखत, कान आईच्या छातीला लावून ऐकत होता. निघताना थालिया दाराशी थांबली. ओपलकडे बघत म्हणाली, "आवाज दमदार आहे. शब्द चुकीचे आहेत, पण आवाज दमदार आहे." आणि तरीही हसली नाही.

जोनेल घरी आली तेव्हा मावशी टोपी न काढताच स्वयंपाकघरात कोलार्डची भाजी धूत होती. एकेक पान नळाखाली धरून, जणू त्यानं गुन्हा केलाय.

"कान कसा आहे पोरीचा?"

"औषध घातलं. झोपली."

"आणि वाचनालय कसं होतं?"

जोनेल खुर्चीत बसली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, मावशी."

"म्हणालेच असते. त्यासाठीच तर मोठ्यांना विचारतात."

मग जोनेलनं लाँड्रीतली गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती, आणि सांगताना ती अगदीच लहान वाटायला लागली. एक चादर, दोन टोकं. मावशीचे हात नळाखाली थांबले.

"चादर मीही धरली असती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच दुखावलेला वाटला.

"तू तेव्हा चर्चच्या बायकांशी भांडत होतीस. माझ्यासाठीच. मला भांडणारी माणसं होती गं, गप्प राहून चादर धरणारं कुणी नव्हतं."

"तिकडे तुझी जागा मी राखून ठेवलीय."

"ती टीनच्या भाचीची जागा आहे. भाची तर मी आहेच, त्यासाठी कुणाच्या मंडळात कशाला जायला हवं? मला एकदा असं कुठेतरी जायचंय जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि तरी त्यांनी ये म्हणावं."

मावशीनं नळ बंद केला. भाजी भांड्यात घातली, मांसाचं हाड घातलं, झाकण ठेवलं. शेवटी पाठमोरीच म्हणाली, "आणि ओपलला कोण बघणार? हवेत ठेवून जाणारेस?"

खरी गाठ तीच होती, दोघींनाही ठाऊक होतं. निवड झाली तर कित्येक आठवडे संध्याकाळी शिकवणी, पाठांतर, तालीम. मावशीशिवाय ते होणं नव्हतं.

"तू नाही सांभाळलंस तर मी नाही जाणार," जोनेल म्हणाली. "धमकी नाही ही. कुठेच नाही जाणार, ईटातही नाही. घरी राहीन, अभ्यास करीन, पोरीला वाढवीन. चालेल मला."

"चालेल म्हणते," मावशी हाडाला उद्देशून म्हणाली. "आईसारखंच खोटं बोलते, तोंड वाकडं करून."

सकाळी मक्याची लापशी वाढताना तिनं आपला निकाल सांगितला. मंगळवार-गुरुवार ती मोकळी असते. पण ह्या घरात मोरपंखी रंगाचा साधा रुमालही यायचा नाही. आणि पोरीला ती जे शिकवते ते शिकवतच राहणार. जोनेलनं मान डोलावली. बोलली असती तर रडली असती, आणि मावशीला सकाळी सकाळी रडणं आवडत नसे.

मुलाखतीत लामडांनी सगळ्यांना विचारलं, आम्हीच का. बाकीच्या मुलींनी सेवा, विद्या, भगिनीभाव ही पाठ केलेली उत्तरं दिली, आणि ती खोटीही नव्हती. जोनेलनं चादर सांगितली. वेळेचं विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्याकडे वेळ नाही, पण मी जिथे येते म्हणते तिथे येते, आजवर मला उशीर झालाय, गैरहजर मी राहिले नाही. थालियानं मान खाली घालून काहीतरी खरडलं. पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं. टॉयालाही आलं, आणि तिनं जोनेलच्या खांद्यावर डोकं टेकून इतकं रडून घेतलं की काळजी कुणाला जास्त होती ते कळेना.

मग ते आठवडे सुरू झाले. थालिया त्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करी. जोनेल सगळ्यांत उंच, म्हणून शेवटची. शेवटचीचं काम सोपं नसतं. पुढचीचं चुकलेलं तिच्यापर्यंत येता येता दुप्पट होतं आणि ते तिला झाकावं लागतं. इतिहास, मंडळाची वचनं, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे ठेका. पाय आपटायचे, मांडीवर थाप, हवेत टाळी, सगळ्या मिळून एकच शरीर. जोनेलला वचनं एका बैठकीत पाठ झाली, पण ठेक्यात तिचा पाय केसभर मागे राही.

ती पहाटे स्वयंपाकघरात सराव करू लागली. मुरंब्याच्या बरण्या फळीवर किणकिणत. ओपल बाहुलीला काखोटीला मारून मागे मागे तसंच पाय आपटत फिरे. मावशी वर्तमानपत्राआड.

एके दिवशी वर्तमानपत्र बोललं. "टाच."

"काय?"

"आधी टाच, मग तळवा. तू टाळीच्या मागे धावतेयस. टाळीला येऊ दे की तुझ्या मागे."

जोनेलनं करून पाहिलं. ठेका जागच्या जागी बसला, जणू दाराला त्याची कडी सापडली. ती थांबली. "मावशी, हे ईटांचं आहे का?"

"हे गुडघ्यांचं आहे," मावशी पान उलटत म्हणाली. "मी काही दाखवलेलं नाही. तू काही शिकलेली नाहीस."

त्यानंतर रोज सकाळी मावशी काही दाखवत नसे आणि जोनेल काही शिकत नसे.

एप्रिलच्या एका शनिवारी, कॉलेजच्या पटांगणात, ओकच्या झाडांखाली, लामडांच्या नव्या बहिणी जगासमोर यायच्या होत्या. तोवर त्या कोण हे कुणाला सांगायचं नसतं. चेहऱ्यावर रुपेरी मुखवटे, एकीचे हात दुसरीच्या कमरेला, आणि एकेकीचा मुखवटा निघतो तेव्हा आख्ख्या कॉलेजला कळतं. त्या सकाळी जोनेलनं मावशीला विचारलं, येशील ना? मावशी ओपलच्या वेण्या घालत होती. म्हणाली, "बघू."

मुखवट्याच्या भोकांतून जग नाण्याएवढं दिसतं. जोनेलनं तेवढ्यातून सगळं पटांगण धुंडाळलं. पलीकडे केशरी गर्दी, ईटा आल्या होत्या. दुसऱ्याच्या कार्यक्रमाला यायचं, हात बांधून उभं राहायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, हीही रीतच. त्या गर्दीत मावशीची टोपी नव्हती. पायऱ्यांवर नव्हती. फाटकापाशी नव्हती.

ठेका सुरू झाला. जमीन हलली. एकेक मुखवटा निघत गेला, एकेक नाव, एकेक गाव, बहिणींनी ठेवलेलं एकेक टोपणनाव, आणि दर नावाला लामडांची खालच्या सुरातली साद, ओऽऽ-लाऽऽ. टॉयाचा मुखवटा निघाला तेव्हा तिची आजी खुर्चीवर चढली. नियम असा, की ओळीत हसायचं नाही, रडायचं नाही, चेहरा दगडाचा. जोनेलचा चेहरा मुखवट्याखाली दगडाचाच होता. मावशी नाही आली, ती स्वतःशी म्हणाली, आणि तरीही मी इथे आहे. हेही धरून चालावं लागेल.

थालिया शेवटी तिच्यासमोर आली आणि मुखवटा उचलला. ऊन डोळ्यांत गेलं. 

"जोनेल प्रुइट," जोनेलनं आपलं नाव पुकारलं. "गाव हॉलिस, मिसिसिपी. माझ्या बहिणींनी दिलेलं नाव, चादरीचे चारी कोपरे..."

"कीऽऽ-रीऽऽ."

उजवीकडच्या ओकखालून. तिथे बाकावर पांढऱ्या झग्यात ओपल उभी होती, दोन्ही हात वर करून, आणि तिला कमरेला धरून टीनमावशी. मावशीच्या अंगावर साधा राखाडी कोट होता. केशरी दोराही नाही. जोनेलच्या नजरेला ती सापडली नव्हती, कारण जन्मात कधी ती तिला रंगाशिवाय दिसली नव्हती.

आणि मग जे व्हायचं ते झालं. साद ऐकली की उत्तर द्यायचं, हे ईटांच्या हाडात मुरलेलं. पलीकडची सगळी केशरी रांग एका श्वासात ओरडली, "कीऽऽ-रीऽऽ." ओरडून झाल्यावर त्यांना कळलं आपण कुठे आहोत. त्यांच्या अध्यक्षेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुसऱ्याच्या पटांगणात, नव्या मुलीचं नाव चालू असताना. ह्याच्याहून लहान गोष्टींवरून मंडळं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

सगळे थालियाकडे बघत होते. थालिया ओपलकडे बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि टॅलबर्ट कॉलेजनं थालिया गॅड्सडेनला हसताना पाहिलं. तिनं मान मागे टाकली आणि अशी साद घातली की ओकवरची पाखरं उडाली. "ओऽऽ-लाऽऽ." ओळीनं उत्तर दिलं. ईटांनी, आता मोकळ्या मनानं, टाळ्यांचा ठेका धरला. ओपलला वाटलं हे सगळं तिच्यासाठीच चाललंय, आणि ती बाकावर पाय आपटायला लागली. जोनेल हसत होती, दगड कधीच फुटला होता, गाल ओले होते, आणि पाय मात्र बिनचूक पडत होते. आधी टाच, मग तळवा. टाळी तिच्या मागून धावत येत होती.

"ती टाच कुठून आली गं हिला?" जवळच्या एका जुन्या ईटानं मावशीला विचारलं.

"मला काय माहीत," मावशी म्हणाली.

गर्दी पांगल्यावर ती ओपलचं बोट धरून आली. काखेत तपकिरी कागदाचं पुडकं होतं. तिनं ते सोडलं. आतून मोरपंखी जॅकेट निघालं, पाठीवर लामडांच्या नावाची रुपेरी अक्षरं. बाहेरच्यांनी ती अक्षरं अंगावर घालायची नसतात, हातही लावायचा नसतो. म्हणून मावशीनं जॅकेट उलटं करून, फक्त अस्तराला धरलं होतं, दोन टोकांना, दोन हातांत.

"दुकानातल्या ल्युसिलनं मला दोनदा विचारलं, बाई, रंग चुकला नाही ना," ती म्हणाली. "म्हटलं, रंग चुकलाय, भाची बरोबर आहे. आता गावभर झालं असेल. वळ. हात लांब आहेत माझे, पण दिवसभर असे धरता यायचे नाहीत."

जोनेल वळली. एक हात घातला, मग दुसरा. अस्तर उन्हानं गरम होतं. मावशीनं अक्षरांना बोट न लावता गळपट्टी सरळ केली आणि मागे सरून पाहिलं.

"वाईट नाही नाचलीस," ती म्हणाली. "लामडाच्या मानानं."

ओपलनं वर पाहिलं. आधी मावशीकडे, मग आईच्या जॅकेटाकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यांदाच, खालच्या सुरात, नीट लांबवून म्हणाली, "ओऽऽ-लाऽऽ."

मावशीनं डोळे मिटले. "घरी चला," ती म्हणाली. "फळांचा कॉबलर गार होतोय, आणि ह्या पोरीची शिकवणी मला पहिल्यापासून घ्यावी लागणारेय."